वाटणीत गेलेलं हँडल

माझे घरमालक पडवीत रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि रस्त्यावरून काय गेलं ते सांगायचे. "चिऱ्याचा ट्रक. भरलेला. चढावर गिअर उशिरा बदलला." किंवा, "ही आपली रोजची एस.टी. नव्हे. गाडी बदललीय. हिच्या डाव्या चाकात खडखड हाय." मी तेव्हा नुकतीच सांगलीकडून बदली होऊन रत्नागिरीला आले होते. कृषी खात्यात होते, आणि हातखंब्यापासून थोडं आत असलेल्या त्यांच्या गावात मला खोली मिळाली होती. पहिल्याच आठवड्यात मी मोपेडवरून घरी आले, तर हे मागे वळूनही न बघता म्हणाले, "बाई, प्लग साफ करा. बिचारी खोकतेय." मला राग आला. माझ्या मोपेडबद्दल दुसऱ्याने बोललेलं मला मुळीच खपत नसे. दुसऱ्या दिवशी ती हातखंब्याच्या चढावर बंद पडली.

ही दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी त्यांना 'मालक' म्हणायची आणि ते मला 'बाई'. उंच, वाळलेले, बोलणं मोजकं. रस्त्यात नट, बोल्ट, वॉशर असं काही पडलेलं दिसलं की वाकून उचलायचे आणि खाकी अर्ध्या चड्डीच्या खिशात टाकायचे. त्यामुळे चालताना त्यांचा खिसा वाजायचा. मी एकदा म्हटलं, भंगार कशाला गोळा करता? तर म्हणाले, "भंगार नाय बाई. कोणाची तरी गाडी ह्याच्याशिवाय चाललीय. मागायला आला तर?" इतक्या वर्षांत मागायला कोणी आलं नव्हतं. तरी ते बोल्ट काळ्या पडलेल्या डालड्याच्या डब्यात जपून ठेवलेले होते.

माझी खोली म्हणजे पूर्वीची भाताची कोठी. घराला लागून मालकांच्या वडिलांची भातगिरण होती. गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या तसं तिचं काम आटलं आणि पुढे ती बंदच पडली, पण कोंड्याचा वास भिंतीतून गेला नव्हता. पावसाळ्यात तर माझ्या साड्यांनाही तो वास यायचा. खोलीच्या भिंतीपलीकडे गिरणीचं इंजिन होतं. एकाच सिलिंडरचं, दोन बाजूंना माणसाच्या छातीएवढी उंच दोन चाकं, आणि छपरातून वर गेलेलं धुराडं. धुराड्याच्या तोंडावर वडिलांनी एक पितळी वाटी उपडी बसवून घेतली होती. इंजिन चालू झालं की ती वाटी टुक टुक टुक वाजायची आणि खाडीपलीकडच्या बायकांना कळायचं, गिरण उघडली, भात घेऊन निघा.

दर शनिवारी संध्याकाळी मालक आंघोळ करून, स्वच्छ गंजीफ्रॉक घालून इंजिनाच्या खोलीत जायचे. आंघोळ आधी आणि तेलात हात नंतर, हा उलटा क्रम मला काही केल्या पटत नसे. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने ते सगळं इंजिन पुसायचे. जिथे जिथे तेल लागतं तिथे तेल घालायचे, चाकं हाताने थोडी पुढे सरकवायचे, म्हणजे आतलं काही धरून बसू नये. मग समोर पोतं टाकून त्यावर मांडी घालून बसायचे. बस्स. इंजिन कधी चालू म्हणून करायचे नाहीत.

"चालू का करत नाही?" मी विचारलं.

"हँडल नाय."

"हरवलं?"

"नाय. वाटणीत गेलं."

पुढचं मला काकूंनी सांगितलं, तेही कोकमं सोलता सोलता, जणू कोणा तिऱ्हाइताची गोष्ट असावी तसं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. भांडण असं काही नव्हतंच. पंचांनी 'एक घाव दोन तुकडे' केले. घराच्या मधोमध भिंत घातली, गिरणीचीही दोन दालनं झाली. सामानासाठी पंचांनी एक सोपा नियम काढला: जी वस्तू ज्याच्या भिंतीला, ती त्याची. उत्तरेचं दालन थोरल्याकडे आलं, त्यात इंजिन. दक्षिणेचं धाकट्याकडे गेलं, त्यात भात भरडायचं यंत्र. दोघांनी माना डोलावल्या. आणि इंजिन सुरू करायचं हँडल, चांगलं हातभर लांब, वाकवलेल्या लोखंडाचं, पहिल्यापासून टांगलेलं असायचं दक्षिण भिंतीच्या खुंटीला.

"कोणाच्या ध्यानातच आलं नाय गो," काकू म्हणाल्या. "आठ दिवसांनी हे इंजान चालू करायला गेले, हात खुंटीकडे नेला, तर पुढे भिंत."

"मग मागायचं की!"

"हे म्हणतात, ते त्याचं हाय, मी कसं मागू? भावजी म्हणतात, मागितलं असतं तर दिलं असतं, आपण होऊन द्यायला मी काय त्यांच्यावर उपकार करतोय? ते मागेनात, ते देईनात. त्यातनं हळूहळू बोलणंच बंद झालं."

पंधरा-सतरा वर्षं! आमच्या सांगलीकडे भाऊ भाऊ भांडले तर कोर्टात जातात, नाही तर बांधावर हातघाईवर येतात, पण काहीतरी होतं तरी. हे दोघे एका छपराखाली राहून नुसते गप्प. मला बसवेना. मी मालकांना म्हटलं, "औद्योगिक वसाहतीत लेथवाला आहे माझ्या ओळखीचा. एका दिवसात दुसरं हँडल करून देईल."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांना चोरीच शिकवत होते. "आणि त्याच्या हँडलाचं काय करायचं मग?" ते म्हणाले.

दुसरं हँडल झालं असतं तर पलीकडच्या खुंटीवरचं हँडल हे नुसतं लोखंड झालं असतं. वाटणीत भावाला आलेली वस्तू आपण अशी बिनकामाची करून टाकायची, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. वाटणीच्या बाबतीत ते असेच होते. पलीकडच्या फणसाची एक फांदी आमच्या अंगणावर आली होती. तिचा फणस आमच्याकडे पडला तर उचलून ते भिंतीवर नेऊन ठेवत. हाक मारत नसत, नुसता ठेवत. आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून त्याच जागी गऱ्यांची परात येत असे. तीही न बोलता. मालक ते गरे मन लावून खायचे आणि म्हणायचे, "कापा हाय. बरा हाय."

अबोला होता तो फक्त पुरुषांचा. काकू आणि त्यांच्या जाऊबाई यांचं भिंतीवरून सगळं चालू असायचं, विरजणापासून लेकीबाळींच्या बाळंतपणापर्यंत. मालक आणि धाकटे दोघेही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. धाकट्यांना मी जाता येता बघायची. बुटके, जाड दंडाचे, बोलके. मला बघून मोठ्याने हसायचे, "काय बाई, आमच्या आंब्यावर कसली फवारणी करू ते सांगा!" पण मालक बाहेर आले की शेजारच्या माडाकडे बघत उभे राहायचे.

मालकांचं काहीतरी बिनसलंय हे माझ्या ध्यानात आलं ते एका पावसाळ्यात. एस.टी. गेली आणि ते काही बोलले नाहीत. मग ट्रक गेला, तरी गप्प. मी वाट बघत होते, कारण तोवर त्या शेऱ्यांची मला सवय झाली होती. हळूहळू त्यांनी बसायची जागाच बदलली. रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. गाडी दिसली की मग सांगायचे, "चिऱ्याचा ट्रक." ते तर मलाही दिसत होतं. त्यांचं बोलणं मोठं होत चाललं होतं. साधा चहा मागितला तरी कोणाला तरी रागावल्यासारखं वाटायचं. एक दिवस मी मोपेड त्यांच्या मागे अगदी जवळ आणून थांबवली. मोपेड ठसकत होती, सायलेन्सर सुटलेला होता. मालकांनी मान वळवली नाही.

मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. "समोरून बोललेलं येतं ऐकायला," ते म्हणाले. "मागचं नाय येत. डॉक्टर म्हणाला, ह्याच्यापुढे वाढतच जाणार." मग म्हणाले, "काकूंना सांगू नका. गावात तर नकोच. इंजानवाल्याचा कान गेला म्हटल्यावर राहिलं काय?"

संध्याकाळी काकू मला हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळलं वाटतं. मला कधीचं माहीत हाय. त्यांना वाटतं मला माहीत नाय, तर वाटू दे." असं हे अळीमिळी गुपचिळी. एका घरात तिघांना ठाऊक आणि तिघंही आपल्यालाच ठाऊक असल्यासारखे वागत होतो. भिंतीपलीकडे मात्र खरंच कोणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी हे एवढं एकच जाऊबाईंना सांगितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी हिवाळ्यात आमच्या साहेबांच्या डोक्यात जुन्या यंत्रांच्या जत्रेची कल्पना आली. नवीन पॉवर टिलर बघायला माणूस फिरकत नाही, पण जुनं इंजिन बघायला म्हातारेकोतारे येतील, म्हाताऱ्यांना घेऊन त्यांची मुलं येतील, मग त्यांच्या गळ्यात टिलर मारू, असा साहेबांचा डाव. हातखंब्याजवळचा एक सडा, म्हणजे उघड्या कातळाचं माळरान, त्यासाठी ठरला. कातळ तापायच्या आत सगळं उरकायचं म्हणून सकाळचा कार्यक्रम. नियम एकच, मधल्या रिंगणात प्रत्येकाने आपलं यंत्र चालू करून दाखवायचं. बंद यंत्र नको, कारण गंज बघायला कोणी सड्यावर येत नाही, असं साहेब म्हणाले. यंत्रांची जमवाजमव अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

मी घरी जेवताना सहज बोलले. मालक काकूंच्या ताटाकडे बघत म्हणाले, "आपलं इंजान घाला."

"चालू करावं लागेल मालक."

"घाला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. मालक भातावर ताक ओतून घेत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, पण त्या नव्या मोठ्या आवाजात म्हणाले, "कानात काय शिल्लक हाय तोवर एकदा ऐकायचंय. बाबांच्या हातचं हाय ते." इतकं सरळ काही मागताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आणि ज्याच्याकडे मागायला हवं होतं तो भिंतीपलीकडे जेवत होता. जेवण झाल्यावर काकू परसात गेल्या आणि कोंबड्यांना उद्देशून बराच वेळ मोठमोठ्याने काहीतरी बोलत राहिल्या. त्यात 'जत्रा', 'इंजान' आणि 'हँडल' हे शब्द दोन-तीनदा तरी आले. कोकणातल्या कोंबड्यांना फार काही ऐकून घ्यावं लागतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी चिऱ्याच्या खाणीवरचा ट्रक आला. ओंडक्यांवरून ढकलत, दोर लावत इंजिन वर चढवलं. मालकांनी धुराड्यासह वाटीही उतरवून मांडीवर घेतली आणि ट्रकात इंजिनाशेजारीच बसले. पलीकडच्या अंगणात धाकटे उभे होते. माडाकडे बघत.

सडा सकाळी नुसता गजबजला होता. देशावरून घाट उतरून एक लाल ट्रॅक्टर आला होता, त्याचा भोंगा रबरी फुग्याचा. तंबूतल्या सिनेमाचा जनरेटर होता, माडाच्या बागेतला रॉकेलवर चालणारा पंप होता. खाडीवरचे दाऊदभाई आपल्या जुन्या लाँचचं इंजिन घेऊन आले होते, त्याच्या खालच्या अंगाला वाळलेले शिंपले अजून चिकटलेले. उसाच्या रसाचा एक चरकही आपण जुनं यंत्र आहोत असं सांगून आत घुसला होता, आणि सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याकडेच होती. साहेबांनी नारळ फोडला. एकेक यंत्र सुरू झालं की माणसं टाळ्या वाजवत, धूर बघत, आणि ज्याचं यंत्र त्याच्या तोंडाकडे बघत.

मालकांनी इंजिन सकाळपासून दोनदा पुसलं होतं. टाकीत पाणी भरलं, तेल घातलं, वाटी बसवली. एक म्हातारी टेकत टेकत आली, चाकाला हात लावून म्हणाली, "ह्याच गिरणीला येत होते मी, डोक्यावर पाटी घेऊन. खाडी वलांडून." तिने चाकाला नमस्कार केला. मालकांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

आमची पाळी शेवटून दुसरी होती. दाऊदभाईंचं इंजिन धडधडत होतं तेव्हा मला गर्दीच्या कडेला धाकटे दिसले. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबोळं. ते पुढे येईनात. इंजिनापासून थोड्या अंतरावर येऊन उभे राहिले, तोंड लाँचच्या इंजिनाकडे. मालकांनी त्यांना बघितलं, काखेतलं बघितलं, आणि ते जनरेटरकडे बघू लागले. दोन शहाणीसुरती, नातवंडं असलेली माणसं! मला वाटलं दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

दाऊदभाई दोघांचे लहानपणचे मित्र. त्यांनी आपलं इंजिन बंद केलं आणि हात पुसत आले. "काय रे, हुबा काय ऱ्हायलास? दे की."

"मागितलंय कोणी?" धाकटे म्हणाले.

मालकांना ते ऐकू आलं नसणार, पण त्यांनी दाऊदभाईंकडे बघून म्हटलं, "हँडल आलंय म्हणे." हे त्यांचं मागणं. सतरा वर्षांत त्यांना एवढंच जमलं. दाऊदभाईंनी कपाळाला हात लावला. पण धाकट्यांना तेवढं पुरलं. त्यांनी फडकं सोडलं, पुढे आले आणि हँडल इंजिनाच्या खाचेत बसवलं. खट्ट आवाज झाला. कुठेही अडलं नाही.

ते इंजिन एकट्याने सुरू होत नसे. एकाने हँडल मारायचं आणि दुसऱ्याने माथ्यावरची एक खिट्टी धरून ठेवायची. खिट्टी वर असली की आतली हवा मोकळी राहते आणि चाकं हलकी फिरतात. पुरेसा वेग आला की खिट्टी खाली टाकायची, आणि इंजिन पेट घेतं. लवकर टाकली तर हँडल उलट फिरतं आणि मनगट मोडतं. उशीर झाला तर मारणाऱ्याचा दम जातो. म्हणून वेग आला की हँडल मारणाराच ओरडून सांगतो, "हां!" वडिलांच्या वेळी धाकटे हँडल मारायचे आणि थोरले खिट्टीवर. आजही न सांगता दोघे आपापल्या जागी उभे राहिले.

धाकटे वाकले. चाकं फिरू लागली, आधी कुरकुरत, मग सळसळत. धाकट्यांची मान खाली, पाठ मालकांकडे. "हां!" ते ओरडले. मालकांचा हात खिट्टीवर तसाच. "हां! हां!" धाकटे दोनदा ओरडले. खिट्टी पडली नाही. धाकट्यांचा दम गेला, चाकं मंद होत थांबली. लोक हसले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मालक चाकांकडे बघून अंदाजाने खिट्टी टाकायला गेले, ती लवकर पडली, आणि हँडलाने असा झटका दिला की धाकटे कोलमडून मागे आले. लोक आता हसले नाहीत.

धाकटे उठले. तोंड लालबुंद. त्यांनी हँडल खाचेतून उपसलं आणि फडक्यात गुंडाळायला लागले. "अजून माझं ऐकायचं नाय ना?" ते दाऊदभाईंना म्हणाले, पण सगळ्या सड्याला ऐकू गेलं. "गेल्या शिमग्यात, पालखी घरी येऊन गेली त्या दिवशी, हेच हँडल घेऊन मी ह्यांच्या मागनं गेलो होतो. म्हटलं, देवाच्या दिवशी आपण होऊन द्यावं, संपवावं एकदाचं. गडग्यापाशी तीनदा हाक मारली, दादा म्हणून. मान वळवून बघितलंन नाय. माझ्या तोंडावर कवाडी लावून आत गेले. आन आज हितं मनगट मोडायला बोलावतायत!"

मालक खिट्टी धरून तसेच उभे होते. काहीतरी चुकलंय एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर. काय ते त्यांना कळत नव्हतं.

काकू गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "भावजी, त्यांना मागचं ऐकायला येत नाय. वर्ष होऊन गेलं. तुमची हाक त्यांना पोचली नाय."

धाकट्यांचे हात फडक्यावरच थांबले. मला वाटतं ते त्या वेळी त्या दगडी गडग्यापाशी परत गेले होते आणि ती तिसरी हाक पुन्हा मारत होते. मग त्यांनी मालकांकडे बघितलं. माडाकडे नाही, जनरेटरकडे नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे. सतरा वर्षांत मालक किती म्हातारे झाले हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा दिसलं असावं. मी रडत होते. साहेब शेजारी उभे होते, पण मला काही वाटलं नाही.

धाकट्यांनी हँडल परत खाचेत बसवलं. पण या वेळी ते पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिले, जिथून हँडल मारायला अवघड पडतं, हात आखडून घ्यावा लागतो. तिथून त्यांचं तोंड मालकांसमोर येत होतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग मालकांकडे. माझ्याकडे बघत राहा. मालकांनी मान हलवली.

चाकं फिरू लागली. दोघे एकमेकांकडे बघत होते, अवघडल्यासारखे. धाकट्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावरून घाम डोळ्यांत गेला, तरी त्यांनी डोळे मिटले नाहीत. मग त्यांनी भुवया उचलल्या. खिट्टी पडली.

एक मोठा धक्का, काळ्या धुराचा लोट, आणि टुक. मग बराच वेळ काहीच नाही असं वाटलं. मग टुक... टुक... टुक टुक टुक. वाटी धुराड्यावर नाचत होती. ती म्हातारी हात जोडून उभी होती. दाऊदभाई लाँचचा भोंगा तोंडानेच वाजवत होते. मालकांनी दोन्ही तळवे पाण्याच्या टाकीवर ठेवले होते आणि डोळे मिटले होते. त्यांच्या कानांना त्यातलं किती मिळालं, देव जाणे. पण त्यांची मान ठेक्यावर हलत होती, आणि ठेका चुकत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. भावाकडे वळले. आता हा माणूस काय बोलतो म्हणून आम्ही सगळे कान टवकारून उभे. मालक त्या मोठ्या, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "हँडलाला तेल देत होतास काय रे?"

"देत होतो!" धाकटे म्हणाले. "दर शनिवारी!"

"काय?"

धाकटे इंजिनाला वळसा घालून आले. त्यांनी थोरल्या भावाच्या खांद्याला धरलं, टाचा उचलल्या, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि टुक टुक टुकच्या वर आवाज काढून ओरडले, "दर शनिवारी देत होतो, दादा!"

पॉवर टिलर त्या दिवशी एकही खपला नाही. साहेब माझ्यावर महिनाभर धुसफुसत होते.

मला वाटलं होतं, आता हँडल आमच्याकडेच राहील. इंजिन ट्रकातून उतरवून जाग्यावर बसवलं, तेव्हा धाकट्यांनी ते मालकांपुढे धरलंही. मालकांनी ते हातात घेतलं, फडक्याने पुसलं, परत दिलं. "खुंटीला लाव," ते म्हणाले. "वाटणी ती वाटणी." मी कपाळाला हात लावला. सुंभ जळला तरी पीळ काही जायचा नाही, हेच खरं, असं मी काकूंना म्हणालेही. काकू नुसत्या हसल्या.

त्या का हसल्या ते मला पुढच्या शनिवारी कळलं. मालकांनी आंघोळ केली, स्वच्छ गंजीफ्रॉक घातला, इंजिन पुसलं, तेल घातलं. मग अंगणात गेले, भिंतीपाशी उभे राहिले, आणि आपला आवाज किती मोठा झालाय याची अजिबात कल्पना नसलेल्या त्या माणसाने सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "हँडल दे रे!"

माझी बदली होईपर्यंत दर शनिवारी मी ती हाक ऐकली. सतरा वर्षं न मागितलेलं ते दर आठवड्याला मागून घेत होते. आणि धाकटे ऐकू आलं तरी पहिल्या हाकेला कधी येत नसत. तीन हाका होईपर्यंत थांबत, मग हँडल घेऊन येत.